बरोबरीच्यांचा न्याय

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला आठ दिवस होते, अमरावतीतल्या आमच्या घरात चकलीचा पहिला घाणा कढईत पडला होता, आणि टेक्सासातून नातीचा फोन आला. ही माझ्या पुतणीची मुलगी. वय वर्षे पंधरा. आमची सकाळ म्हणजे त्यांची रात्र. एरवी ही पोर फोनवर आली की "आजोबा, कसे आहात?" एवढे म्हणून फोन आईकडे देते. त्या दिवशी मात्र तिने सुरुवातच अशी केली, "आजोबा, मी आज कोर्टात होते."

माझ्या हातातला चहा सांडायचाच राहिला. "काय केलंस बाई?"

ती खळखळून हसली. "मी काही नाही केलं. मी वकील होते!"

मग तिने जे सांगितले ते ऐकून मी चहाही विसरलो आणि चकलीही. त्यांच्या गावात मुलांचे एक न्यायालय भरते. एखाद्या मुलाने दुकानातून काही उचलले, शाळेत मारामारी केली, कुणाची काच फोडली, असा किरकोळ गुन्हा असेल, मुलाला तो कबूल असेल आणि आईबापांची संमती असेल, तर ते प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात न चालवता या मुलांच्या कोर्टाकडे पाठवतात. तिथे फिर्यादीचा वकील मुलगा, आरोपीची वकील मुलगी, कारकून मुलगा आणि पंचही मुलेच. न्यायाधीशाच्या खुर्चीत मात्र पुष्कळ ठिकाणी एखादे मोठे माणूस बसते. गुन्हा घडला की नाही, हा प्रश्न तिथे नसतोच. तो आधीच कबूल झालेला असतो. आता याची भरपाई कशी व्हावी, एवढेच मुलांनी ठरवायचे. काही तास समाजाचे काम, ज्याचे नुकसान झाले त्याला माफीचे पत्र, कधी एखादा निबंध. ठरलेले सगळे पार पाडले की प्रकरण मिटते. टेक्सासातल्याच ओडेसा नावाच्या गावी १९८३ साली सुरू झालेले असे न्यायालय पुढे फार गाजले, आणि तो पायंडा अमेरिकेतल्या शेकडो गावांनी उचलला.

नातीच्या त्या दिवशीच्या अशिलाने, चौदा वर्षांच्या मुलाने, दुकानातून कानाला लावायचे यंत्र उचलले होते. त्याला वीस तासांचे काम मिळाले, पत्र मिळाले. "पण आजोबा, त्याला सगळ्यात जड काय गेलं सांगू? पुढच्या दोन वेळा त्याला तिथे पंच म्हणून बसायचंय. ते ऐकून तो पहिल्यांदा रडला."

आणि मग तिने सहज विचारले, "तुमच्या लहानपणी असं काही होतं का हो?"

मी म्हणालो, "नाही गं. आमच्या वेळी छडी होती."

फोन ठेवला आणि मनात आले, म्हाताऱ्या, पंधरा वर्षांच्या पोरीशी तू खोटे बोललास. तशी एक कोर्ट मी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती. तिच्यात मी पंच होतो.

माझे बालपण तिवशाचे. नागपूरहून अमरावतीला येणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव वाचकांपैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. दोन्ही अंगांना कपाशी, तूर, मधूनच संत्र्यांचे बगीचे. तिथून अमरावतीच्या वाटेवर मोझरीचे गुरुकुंज लागते, आणि दुसऱ्या अंगाला वर्धा नदीच्या काठी रुक्मिणीचे माहेर म्हणून नावाजलेले कौंडण्यपूर. मी सांगतो तो काळ १९६५ च्या सुमाराचा. तीन वर्षांपूर्वी, १९६२ साली, राज्यात जिल्हा परिषदा आल्या होत्या आणि 'पंचायत राज्य' हा शब्द भाषणाभाषणांतून ऐकू येत होता. तुकडोजी महाराज हयात होते; १९५५ साली निघालेली त्यांची 'ग्रामगीता' आमच्या बाजूच्या घराघरांत गुंडाळून ठेवलेली असे. आमचे गुरुजी त्या वाऱ्यातले होते. गावाचे भांडण गावाने मिटवावे, मग वर्गाचे भांडण वर्गाने का मिटवू नये, असे ते म्हणत. माणूस सज्जन होता. पुढे जे झाले त्यात त्यांच्या सज्जनपणाची चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

संत्र्यांचा आंबिया बहार दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीला येतो. शाळेमागच्या एका बगीच्याच्या काट्यांच्या कुंपणाला एक भोक होते. ते भोक सातवीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते. एके दुपारी आमच्या वर्गातला एक मुलगा सदऱ्याच्या ओच्यात नऊ संत्री घेऊन त्या भोकातून बाहेर येताना बागवानाच्या हाती सापडला. मुलगा शेतमजुराचा, अंगाने किरकोळ, गणितात माझ्यापेक्षा हुशार. बागवान त्याला कानाला धरून शाळेत घेऊन आला आणि म्हणाला, "ठान्यात देतो याले."

गुरुजींनी त्याला हात जोडले. "ठाण्यात नको. हे प्रकरण आमच्याकडे द्या. मुलंच याचा निवाडा करतील." बागवान तयार झाला. गुरुजींनी पाच पंच नेमले. पहिल्या बाकावरचा, शुद्धलेखन चांगले असलेला म्हणून मीही त्यांत होतो.

आता जे सांगायचे ते हे, की त्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्याच भोकातून आत गेलो होतो. एकटा नव्हे, मी आणि तो, दोघे. वाट त्याने दाखवली होती आणि संत्री मी जास्त खाल्ली होती.

निवाड्याच्या दिवशी तो फळ्याजवळ उभा होता. गुरुजींनी विचारले, "कबूल आहे?" तो म्हणाला, "हो जी." "सोबत कोण होतं?" तो म्हणाला, "कोनी नाई." त्या दिवसापुरते ते खरेच होते. हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीदा तरी वाटले.

आम्ही पाच पंच व्हरांड्यात जाऊन बसलो. गुरुजींची अपेक्षा असावी, की मुले म्हणतील, बगीच्यात चार दिवस पाणी धरू दे, माफी मागू दे. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आले नाही. प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा कडक शिक्षा सुचवू लागला, आणि सर्वांत कडक मी सुचवली. पंधरा दिवस त्याने दाराशी वेगळे बसावे, आणि वर्गातल्या कोणी त्याच्याशी बोलू नये. बाकीच्यांना ती फार पसंत पडली. गुरुजींचा चेहरा उतरला. पण मुलांच्या हाती न्याय दिला होता, तो परत कसा घ्यावा, या विचाराने ते गप्प राहिले असावेत.

मी एवढा कडक का झालो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ज्याच्या अंगावर तोच डाग असतो त्याचा हात सर्वांत जोरात उठतो. शिक्षा त्याला नव्हती. मी तिथे नव्हतो हे सिद्ध करायची ती धडपड होती.

आठव्या-नवव्या दिवशी त्याची आई शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात विळा, डोक्याला फडके. सरळ वावरातून आलेली. ती म्हणाली, "गुरुजी, पोट्ट्यानं संत्रं चोरलं त मारा त्याले. म्या काई म्हननार नाई. पन कोनी बोलतच नाई त्याच्या संगं, हे काय मांडलं जी? रातच्याले झोपीत बोलते थो."

गुरुजींनी त्याच क्षणी शिक्षा संपवली. पण दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. तो ढोरांमागे गेला, पुढे सालदार झाला. गणितात माझ्यापेक्षा हुशार असलेला मुलगा सातवीत संपला आणि मी मास्तर झालो. त्याच्या घरची गरिबी हेही त्याला कारण असेल. असेलच. मीही ती सबब कित्येक वर्षे वापरलेली आहे.

तेव्हा नातीचा उत्साह ऐकताना माझ्या मनात आनंदाइतकीच धास्ती होती. बरोबरीच्या माणसांनी केलेला न्याय अधिक मायेचा असतो, असे आपल्याला उगीचच वाटते. आपल्या देशात बरोबरीच्यांची न्यायालये नवी नाहीत. जातपंचायत म्हणजे दुसरे काय होते? तिथे परका न्यायाधीश नव्हता, परकी भाषा नव्हती. सगळे आपलेच, भावकीतले, सोयऱ्यांतले. आणि त्यांच्याजवळचे सर्वांत मोठे हत्यार हेच: बोलायचे नाही, पाणी द्यायचे नाही, पंगतीला घ्यायचे नाही. वाळीत टाकणे या दोन शब्दांनी किती घरे उद्ध्वस्त केली याची गणती नाही. शेवटी सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. आम्हा सातवीतल्या पाच पोरांना ती शिक्षा कुणी शिकवली नव्हती. ती गावाच्या हवेतच होती.

मग न्याय मुलांच्या हाती देऊच नये का? मास्तरकीच्या तीस-बत्तीस वर्षांत मी तसेच मानले. माझ्या वर्गात मी कधी पंच नेमले नाहीत. चोरी झाली की मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवायचे, दार लावायचे, आत काय झाले ते कुणी विचारायचे नाही. याला मी शिस्त म्हणत असे.

या वर्षात मात्र मी या विषयावर हाती लागेल ते वाचत राहिलो, आणि त्यात एक पोलंडचा डॉक्टर भेटला. यानुश कोर्चाक. वॉर्सा शहरात १९१२ साली ज्यू मुलांसाठी उघडलेल्या अनाथाश्रमाचा तो चालक. त्याच्या आश्रमात मुलांचे न्यायालय होते. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही अशांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचे. म्हणजे या आठवड्यातला न्यायाधीश पुढच्या आठवड्यात आरोपी असू शके. कोर्चाकने या कोर्टासाठी कलमे लिहिली, आणि त्यांतली पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची किंवा क्षमेची होती. समजून न घेता केले म्हणून क्षमा, पहिल्यांदाच केले म्हणून क्षमा, पश्चात्ताप झाला म्हणून क्षमा. शंभराव्या कलमाला कोर्ट प्रथम म्हणणार, की क्षमा नाही, हे तू केलेस. आणि घालवून देण्याचे कलम सर्वांत शेवटी, हजारावे. आमच्या व्हरांड्यातल्या न्यायालयाने सुरुवातच जवळपास हजाराव्या कलमापासून केली होती.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या कोर्टासमोर मोठी माणसेही येत, आणि सहा महिन्यांत पाच वेळा कोर्चाकने स्वतःविरुद्ध स्वतःच फिर्याद दिली. एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. जो माणूस त्या घराचा कर्ता होता, तो मुलांच्या निवाड्याखाली उभा राहिला. १९४२ च्या जुलैत, वॉर्साच्या कोंडवाड्यात, याच मुलांनी रवीन्द्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाझींनी मुलांना मरणछावणीकडे नेले तेव्हा सुटण्याची संधी असूनही कोर्चाक त्यांच्याबरोबर गेला. पाचदा मुलांसमोर आरोपी म्हणून उभा राहिलेला माणूस शेवटी त्यांच्या रांगेतून बाहेर पडला नाही, यात मला काही आश्चर्य वाटले नाही.

आता आपल्याकडे पाहू. अजाण मुलाला मोठ्या गुन्हेगारासारखे वागवू नये, हे आपला कायदा फार पूर्वीपासून सांगतो. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. आज २०१५ चा कायदा चालतो. त्याखाली जे बाल न्याय मंडळ बसते त्यात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली एक तरी स्त्री. मंडळ मुलाला समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते, जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. टेक्सासातली मुले जे देतात त्यातले पुष्कळसे आपल्या कायद्यातही आहे. नाहीत ती बरोबरीची मुले.

आणि निबंधही आहे! १९ मे २०२४ ची पुण्याची घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे कुणी ऐकून घेईना. काही दिवसांत तो हुकूम बदलला गेला. मी स्पष्टच लिहितो, दोन माणसांच्या मरणाचे प्रकरण मुलांच्या कोर्टाचे नव्हेच. अमेरिकेतही ते तिथे जात नाही. पण त्या तीनशे शब्दांनी आपण एवढे का दुखावलो, याचा विचार करण्यासारखा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे, तो निबंध कुणालाच उद्देशून नव्हता. लिहायचा, द्यायचा, फायलीला लागायचा. ज्यांचे काही गेले त्यांच्याकडे पाहून म्हणायचा एक शब्दही त्यात नव्हता.

याच २०१५ च्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. मुलाच्या अपराधाचा कलंक पुढच्या आयुष्यात त्याच्या आड येऊ नये, म्हणून काही मुदतीनंतर सर्वसाधारणपणे त्याची नोंद नष्ट करायची. कागदावरची नोंद दंडाधिकारी पुसू शकतो. पण वर्गातल्या चाळीस मुलांच्या मनातली नोंद कोणी पुसायची? ती दंडाधिकाऱ्याला पुसता येत नाही, गुरुजींना येत नाही. आमच्या गुरुजींनी नवव्या दिवशी शिक्षा संपवली, आणि तरी ती संपली नाही, कारण आम्ही मुलांनी ती संपवली नव्हती. ज्यांनी रांगेबाहेर काढले त्यांनाच रांगेत परत घेता येते.

म्हणून आज मी या मताला आलो आहे, की किरकोळ अपराधांचा न्याय मुलांकडे द्यावा. ती मोठ्यांपेक्षा दयाळू असतात म्हणून नव्हे. नसतात, हे मी पाहिले आहे. परत घेण्याची शक्ती फक्त त्यांच्यापाशी आहे म्हणून. मात्र दोन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. घालवून देणे, अबोला धरणे, ही शिक्षा त्यांच्या हातून आधीच काढून घेतली पाहिजे. आणि पंचाच्या जागेवर बसणाऱ्याला ठाऊक पाहिजे, की फळ्याजवळची जागा उद्या त्याची आहे. त्याच्या गुरुजींचीही आहे. आमच्या गुरुजींनी सगळे काही चांगले केले होते. फक्त निवाड्याआधी त्यांनी आम्हा पाचांना विचारले नाही, "तुमच्यापैकी त्या भोकातून कोण कोण गेलं आहे?" विचारले असते तर पाचही हात वर आले असते असे मी म्हणत नाही. पण एक तरी आला असता, आणि मग आमची जीभ एवढी सैल सुटली नसती.

नातीच्या त्या अशिलाला पंचाच्या रांगेत बसायचे ऐकून रडू का आले, ते आता मला कळते. आपण ज्यांच्यासमोर उभे होतो त्यांनीच सरकून जागा केली, याला माणूस रडतो.

यंदा श्रावणात मी आपणहून तिला फोन केला आणि सगळे सांगितले. नऊ संत्री, भोक, व्हरांडा, त्याची आई. ती बराच वेळ गप्प होती. मग तिच्यातला वकील जागा झाला. "आजोबा, तुम्ही कबूल केलंत ना? मग तुमची केस आमच्याकडे येऊ शकते."

"काय देशील?"

"माफीचं पत्र," ती म्हणाली. "ते तर सगळ्यांनाच असतं."

मी म्हणालो, "अगं, त्याची शाळा सातवीत सुटली. पत्र त्याच्या नातवाकडून वाचून घ्यावं लागेल त्याला."

पलीकडे पुन्हा शांतता. मग ती हळूच म्हणाली, "मग पत्र नको. तुम्हीच जा."

तो हयात आहे. कौंडण्यपूरच्या रस्त्याला त्याचे घर आहे. कार्तिकातल्या यात्रेत दोन-तीनदा आमची गाठही पडली आहे. पाऊस, कपाशीचा भाव, गुडघे, एवढे बोलून आम्ही वाटेला लागलो. तो विषय कधी निघाला नाही. काढायचा तो मी, त्याने कशाला काढावा?

या दिवाळीत भाऊबीज झाली की तिवशाची एस.टी. धरायची असे ठरवले आहे. संत्री न्यावीत की नेऊ नयेत, एवढे अजून ठरत नाही.